उपडा पेला

चाखणीच्या दिवशी या घरात दात घासायचे ते नुसत्या पाण्याने. पेस्ट नाही, साबण नाही, केसांना तेल नाही आणि चहा तर नाहीच. नाकाच्या आणि पेल्याच्या मध्ये काही येता कामा नये, असा आजोबांचा दंडक. आजोबा जाऊन कैक वर्षं झाली, दंडक मात्र जागचा हलला नाही. त्यामुळे त्या सकाळी घरातले पाचही जण पारोसे, बिनचहाचे आणि साहजिकच थोडे वैतागलेले, असे बाटल्या भरायच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती येऊन बसले.

"चहा नसला की माझं डोकं चालत नाही," काकू म्हणाली. "आणि यांना मत हवंय!"

"तुझ्या मताला डोकं कधीपासून लागायला लागलं?" काकांनी विचारलं.

"लागत नाही ना. नाहीतर लग्नाला हो म्हटलं असतं का?"

वकील खो खो हसला. वकील म्हणजे काका-काकूंचा मुलगा. कोर्टाची पायरी त्याने जन्मात चढलेली नाही, घरच्या जिनची खोकी गाडीत घालून गावोगावच्या बारमध्ये पोचवणं हे त्याचं काम. पण बोलायला लागल्यापासून प्रत्येक वाक्याला त्याचं 'पण' असायचं, म्हणून आजोबांनीच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

टेबलाच्या टोकाला आत्या बसली होती. पाठ ताठ, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, समोर पालथ्या हाताएवढा जाड काचेचा पेला. आजोबांनंतर मोठी भट्टी तिच्या हातात आली आणि तेव्हापासून या घराची जिन तिच्या नाकावर चालत आली आहे. यात अतिशयोक्ती काही नाही. तांब्याच्या भट्टीतून पहिली धार येते ती तिखट, नाकात झोंबणारी. मग मधली, स्वच्छ. आणि शेवटची जड, कुबट, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या वासाची. मधली तेवढी ठेवायची. धार नेमकी कुठे तोडायची हे ज्याला कळतं, त्याच्या हातात घर.

"हं," आत्या म्हणाली. "आण तुझी जिन."

धाकटी उठली. आत्याच्या थोरल्या भावाची ही मुलगी. आईबाप लहानपणीच गेले, आत्याने वाढवली. तिच्या हातात बिनलेबलची बाटली होती आणि बाटलीतलं द्रव पाण्यासारखं नितळ होतं. नियमाप्रमाणे करणाऱ्यानेच ओतायचं. मग सगळ्यांनी अवाक्षर न काढता वास घ्यायचा, घोट घ्यायचा. मग करणाऱ्याने ती कशी केली ते काही न लपवता सांगायचं. आणि शेवटी एकदम पेले ठेवायचे. सुलटा ठेवला तर हो, उपडा ठेवला तर नाही. एक जरी पेला उपडा पडला तरी ती जिन मेली, पुन्हा या टेबलावर तिचं नाव काढायचं नाही. वकिलाची कॉफीची जिन अशीच गेली. कुणी कॉफी म्हटलं की तो अजून खिडकीबाहेर बघतो.

ओतताना धाकटी आत्याकडे बघायचं टाळत होती. पेला उपडा पडेल ही भीती होतीच, पण खरी भीती तिसऱ्या नियमाची होती. कशी केली ते सांगायचं म्हणजे कशापासून केली तेही सांगायचं, आणि तेच तिला आत्यासमोर सांगता येणार नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आलेल्या तापानंतर आत्याचं नाक गेलं होतं, तिला कसलाच वास येईना. हे धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा स्वयंपाकघरात दूध करपून काळं झालं, घरभर वास सुटला, आणि आत्या शेजारीच बसून शांतपणे शेंगा सोलत होती. धाकटीने गॅस बंद केला, भांडं घासून टाकलं आणि कुणाला काही बोलली नाही. त्यानंतर मोठ्या भट्टीच्या खेपा बिघडायला लागल्या. सगळ्या नव्हे, पण अधूनमधून एखादी कुबट निघायची. पुढे गोदामात रिकाम्या पिंपांमागे तिला आपल्याच जिनची खोकी सापडली, बारवाल्यांनी परत केलेली. ती ओतून द्यायला तिचा हात धजेना. आत्याच्या हातची जिन मोरीत कशी ओतायची? तिच्यातून काहीतरी चांगलं करून दाखवायचं तिने ठरवलं, आणि त्यातून हे निघालं.

तिने पाचही पेले भरले आणि बसली.

* * *

काकांची पंचाईत निराळी होती. काल संध्याकाळी ताईने, म्हणजे आत्याने, त्यांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, "उद्या माझा पेला उपडा पडला तर तुझाही पडला पाहिजे, माझा एकटीचा दिसायला नको." काका हो म्हणाले. त्याआधी दुपारी धाकटीने विचारलं होतं, "काका, तुम्ही माझ्या बाजूने ना?" तिलाही हो म्हणाले. आणि सकाळी काकूने खडसावून विचारलं होतं, "कुणाला काही कबूल तर केलं नाही ना तुम्ही?" तर तिलाही नाही म्हणून मोकळे झाले. काका विक्री बघतात. माणसाला नाराज करून पाठवायचं नाही ही त्यांची धंद्यातली सवय घरात त्यांना कायम गोत्यात आणते.

मनातून त्यांना ही जिन नकोच होती. जेवणानंतरच्या गोडाच्या पदार्थाची जिन! ॲपल पायची! बाहुलीला मिशा काढल्यासारखं काहीतरी. एवढं मनाशी म्हणून त्यांनी पेला नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा त्यांना न विचारताच बदलला.

भाजलेलं सफरचंद होतं, अगदी बेकरीच्या भट्टीतून आत्ता काढलेलं. कडेला जराशी करपलेली साखर, दालचिनीची चाहूल, आणि त्या सगळ्याखाली खरपूस, लोण्यातलं, बोटाने तोडून खावंसं वाटणारं पायचं कवच. मग त्यांनी घोट घेतला. गोडाचा कण नाही! जिन कोरडी ठणठणीत, जिनला जिनपण देणाऱ्या जुनिपरच्या बोरांचा स्वाद जागच्या जागी, आणि गिळून झाल्यावर ॲपल पाय पुन्हा नाकात हजर. काकांनी शेजारी पाहिलं. काकूने डोळे मिटले होते. वकिलाचा पेला रिकामा झाला होता आणि तो बाटलीकडे बघत होता.

बोलायचं नाही हा नियम काकांना उभ्या आयुष्यात इतका जाचक वाटला नव्हता.

* * *

आत्याने पेला नाकाशी धरला. वास घेताना ती जशी धरते तसाच, किंचित तिरका. आत ओढला तो नुसता गार वारा. तापानंतर रोज सकाळी उठून ती आधी उशीचा वास घेऊन बघायची, मग हाताचा, मग लवंगांच्या डब्याचा. आता तिने बघायचं सोडलं होतं. घोट घेतला तर जीभ चुरचुरली आणि घसा तापला. एवढंच. बाकीच्यांच्या तोंडात काहीतरी घडत होतं आणि तिच्या तोंडात काही नव्हतं.

म्हणून ती चेहरे वाचायला लागली. अलीकडे ती हेच करायची. भावाच्या मिशा वर गेल्या म्हणजे आवडली. याने मला शब्द दिलाय आणि आता हा फिरणार. भावजय डोळे मिटून बसलीय म्हणजे तीही गेली. वकिलाचं तर विचारायलाच नको.

पेला उपडा करायचा हे आत्याने वास घेण्याआधीच ठरवलं होतं. नवी जिन आली म्हणजे आणखी खेपा, आणखी चाखण्या, जो तो येऊन ताई, यात काय लागतंय, आत्या, हे जास्त झालं का, असं विचारणार. किती दिवस चेहरे वाचून उत्तरं देणार? एक दिवस उघडं पडणारच. आणि मग या घरात आपण कोण? तिला धाकटीचं वाईट वाटत होतं. पण भीती त्याहून मोठी होती.

"सांग," ती म्हणाली. "कशी केलीस?"

धाकटीने घसा साफ केला. "सफरचंदं भाजली. सालीसकट, पार मऊ होईपर्यंत. साखर अजिबात नाही घातली, त्यांचीच साखर कडेला करपू दिली. ओट लोण्यात परतले. दालचिनी अगदी थोडी. हे सगळं स्पिरिटमध्ये भिजवलं आणि छोट्या भट्टीवर अर्क काढला. मग तो अर्क जिनमध्ये मिसळला."

"कुठल्या जिनमध्ये?"

"आपल्याच."

"आपलीच ते कळलं. खेप कुठली?"

"नेहमीचीच, आत्या."

काकूने खुर्चीत चुळबुळ केली. धाकटी खोटं बोलते तेव्हा तिचा डावा कान लाल होतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि तो लाल झाला होता.

आत्याने कान पाहिला. मग तिने एक अशी गोष्ट केली जी तिच्या हातून या टेबलावर कधी घडली नव्हती. पेल्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. बोट चोळणं हे नवशिक्यांचं काम. ज्याला नाक नाही त्याने बोटं चोळावीत, असं आजोबा चेष्टेने म्हणायचे, आणि त्या एका वाक्यापायी आत्याने इतके महिने भट्टीपाशी बोटं आवळून धरली होती. आता दुसरा उपाय नव्हता. तिने पुन्हा चोळलं. बोटं ओळखीची होती, अनेक वर्षं तांब्याजवळ वावरलेली, आणि त्यांना लगेच कळलं.

"तेलकट आहे," ती म्हणाली. "यात शेवटची धार आलीय. ही धार कुणी तोडली?"

धाकटीने बाटली आपल्याकडे ओढली.

"मी," धाकटी म्हणाली. "तुला न विचारता मोठी भट्टी लावली मी. तोडायला उशीर झाला."

"मोठ्या भट्टीच्या कुलपाच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात."

"तिने नाही, मी तोडली," काका एकदम म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काका भट्टीला घाबरतात. वाफ सुटली की ते अंगणात जाऊन उभे राहतात.

"तुम्ही?" काकू म्हणाली. "तुम्हाला चहा गाळता येत नाही. ताई, मीच तोडली असेल हो. चुकून."

"चुकून धार कशी तुटेल, आई?" वकील म्हणाला. "खरं म्हणजे आत्या, ती मी तोडली."

आत्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. चेहरे वाचायची सवय झालीच होती. चौघं चोर, चौघं एकमेकांकडे आश्चर्याने बघणारे. मोठ्या भट्टीला कधी हात न लावणारी माणसं हिरिरीने गुन्हा अंगावर घेत होती, आणि त्याला एकच कारण असू शकत होतं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना."

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले. मग काकूकडे वळले. "तुलाही?"

"मला तुमच्या आधीपासून! तुम्हाला कधी कळलं?"

"बारवाले खोकी परत द्यायला लागले तेव्हा. मी ती गोदामात पिंपांमागे लपवली आणि ताईला सांगितलं वाटेत फुटली. मधूनच ती खोकी हलकी व्हायला लागली, तर मला वाटलं गोदामाचं छप्पर दुरुस्त करायला आलेले मजूर पितायत. मी त्यांना किती बोललो!"

"ती मी नेली, काका," धाकटी म्हणाली.

"अरे देवा! आणि ते बिचारे मान खाली घालून ऐकून घेत होते!"

"पीत असतीलच थोडी," काकू म्हणाली. "मी आपली बाटल्या भरताना कुबट खेपेत जुनी चांगली जिन मिसळायचे. जमेल तेवढी. कुणाला सांगितलं नाही, म्हटलं ताईंच्या कानावर जाईल."

"पण मी तर मुळावरच इलाज केला होता," वकील म्हणाला. त्याला थोडा अभिमानही वाटत होता. "आत्या भट्टी लावते देवळातल्या घंटेला, आणि धार तोडते ती भट्टीखोलीतल्या घड्याळात ठरलेली वेळ झाली की, हे माझ्या लक्षात आलं. पहिली खेप जराशी उशिरा तुटली होती. म्हणून मी भट्टीखोलीतलं घड्याळ पुढे करून ठेवायला लागलो, म्हणजे ती आपोआप लवकर तोडेल."

काकांचा चेहरा पडला. "ते तू करत होतास?"

"का?"

"मी म्हणत होतो हे घड्याळ इतकं पुढे का पळतंय! रोज सकाळी जाऊन मी ते बरोबर करायचो. आणि पुन्हा पळणार म्हणून मुद्दाम थोडं मागेच लावून ठेवायचो."

"मागे?" वकील ओरडला. "बाबा, म्हणजे ज्या दिवशी मी गाडीवर असायचो त्या दिवशी..."

"त्या दिवशी धार उशिरा तुटायची," धाकटीने वाक्य पुरं केलं.

आत्याचे खांदे हलायला लागले. धाकटी घाबरून उठली, जवळ गेली, आणि पाहते तो आत्या हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत.

"माझं नाक गेलं," ती म्हणाली, "ते गेलंच. आणि तुम्ही मिळून माझं घड्याळही घालवलंत!"

मग जो हशा उठला तो बाटल्यांच्या फळीपर्यंत पोचला. हसता हसता काकूला रडू आलं, आणि ते चहा न मिळाल्यामुळे आहे असं तिने सगळ्यांना बजावलं.

आत्याने डोळे पुसले. "मला भीती वाटत होती रे," ती म्हणाली. "नाक नसलेली बाई या घरात कशाला हवी, असं वाटायचं. म्हणून बोलले नाही. आणि आज पेला उपडा करायचं ठरवून आले होते. तुला तोंडावर सांगते, पोरी. वास न घेताच."

"अजून करू शकतेस," धाकटी म्हणाली. "पण आधी पुरतं ऐक. मी हे चांगल्या खेपेत करून बघितलं. आपल्या उत्तमातल्या उत्तम जिनमध्ये. नुसतं सफरचंद लागलं, फळांच्या सरबतासारखं. ॲपल पाय होतच नव्हता. कवच कुठून येईना. मग तुझी बिघडलेली घेतली, तर त्या जड धारेला ओट आणि लोणी असं काही चिकटलं की कुबटपणा कुठल्या कुठे गेला. ही जिन करायची तर धार उशिराच तोडावी लागेल, आत्या. नेमकी तू तोडलीस तेवढी. आणि तेवढी म्हणजे किती, हे मला नाकाने कळत नाही. ते तेल बोटाला लागतं. आत्ता तुला लागलं तसं."

आत्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. अजून ती एकमेकांवर फिरत होती.

"म्हणजे साध्या जिनची धार तू तोडायचीस," ती सावकाश म्हणाली, "आणि हिची मी."

"दोन्हीला दोघी बसू."

"आणि त्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही."

"मी ते उतरवूनच टाकतो," काका म्हणाले.

"चला तर मग," काकू म्हणाली, "ठेवा पेले, मी चहा टाकते."

"थांब," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पुन्हा गंभीर झाला होता. "ज्याने वास घेतला नाही त्याला मत नाही. हा बाबांचा नियम. आणि पाचही मतं पडल्याशिवाय या घरात नवी जिन बाटलीत जात नाही, हाही त्यांचाच. माझं मत पडणार कसं? आवडली म्हणून खोटं सांगू? या टेबलावर मी ते करणार नाही."

ती बरोबर बोलत होती आणि ते सगळ्यांना कळलं. धाकटी खाली बसली. काकांनी मिशीवरून हात फिरवला. बाटली टेबलाच्या मधोमध तशीच उभी होती.

"पण," वकील म्हणाला.

"बोल," आत्या म्हणाली. "तुझ्या 'पण'ची मी आज पहिल्यांदाच वाट बघत होते."

"वास घेतला पाहिजे एवढंच आजोबा म्हणायचे. कुणाच्या नाकाने, हे ते कधी बोलल्याचं मला तरी आठवत नाही."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. धाकटीला मात्र लगेच उमगलं. लहानपणी आत्या तिला याच खोलीत, याच टेबलाजवळ स्टुलावर बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि नाकाखाली एकेक बरणी धरायची. सांग, काय येतंय? नुसतं छान म्हणू नको, कसं ते सांग. कुठे बघितलंयस हे आधी? धाकटी सांगायची, चूक सांगितलं तर आत्या बरणी पुन्हा धरायची, आणि संध्याकाळपर्यंत तो खेळ चालायचा. धाकटीला नाक मिळालं ते तिथे.

तिने आत्याचा पेला उचलला आणि तिच्या नाकाखाली धरला.

"डोळे मीट."

आत्याने मिटले.

"पहिल्यांदा सफरचंद येतं," धाकटी म्हणाली. "कच्चं नाही. भाजून साल फुटलेलं, रस तव्यावर सांडून चिकट झालेला. तू थंडीत माझ्यासाठी चुलीवर ठेवायचीस ना, आणि मी बोट भाजून घ्यायचे? तसलं."

"करपलेली साखर," काकू म्हणाली. "पण करपून कडू झालेली नव्हे हं. त्याच्या जरा अलीकडची."

"बेकरीचं मागचं दार," काका म्हणाले. "पहाटेचं. आपण शाळेत असताना त्या दाराशी उभे राहायचो, ताई. आत जायला खिशात काही नसायचं, पण वास फुकट होता."

आत्याचा चेहरा हळूहळू सैल होत होता.

"दालचिनी," वकील म्हणाला, "पण नुसती डब्यातली. म्हणजे डबा उघडून लगेच लावल्यावर जेवढी राहते तेवढी."

"तेवढी नाही, जास्त आहे," काकू म्हणाली.

"तू अख्खा पेला संपवलास म्हणून तुला जास्त वाटतंय," काका म्हणाले.

"आणि तुम्ही लोणी विसरलात! सगळ्यात मोठं तर लोणीच आहे..."

"लोणी नाही गं आई, ते ओट आहेत, भाजलेले..."

"मला शिकवू नकोस, मी रोज लोणी कढवते..."

आत्याने डोळे न उघडताच धाकटीच्या हातातून पेला घेतला आणि टेबलावर ठेवला. सुलटा. वर तळहात टेकवून, कुणी हलवू नये म्हणून.

"एकेकानं बोला रे," ती म्हणाली. "मला नीट वास घेऊ द्या."